वजनाप्रमाणे स्प्रिंग: फौजी मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपची गोष्ट



सध्या माझे पोस्टिंग लेहला आहे. युनिटचे नाव लिहायचे नाही, हा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. काम तेच, जे भरती झाल्यापासून करतो आहे: ईएमईचा व्हेइकल मेकॅनिक. आमच्या वर्कशॉपला लॉऱ्या आणि जिप्सी जास्त येतात, पण मोटारसायकलीही येतात. आणि मोटारसायकल आली की बरोबर दोनपैकी एक तक्रार येते. एक म्हणतो, "उस्ताद, पीछे से बहुत मारती है." दुसरा म्हणतो, "उस्ताद, पीछे से बैठ जाती है." कधीकधी एकाच गाडीबद्दल एकाच आठवड्यात दोन वेगळे जवान या दोन तक्रारी घेऊन येतात, आणि गंमत म्हणजे दोघेही खरे बोलत असतात.

गाडी एकच, शॉकअप तेच, मग एकाला दगडासारखी आणि दुसऱ्याला झोपाळ्यासारखी का लागते? उत्तर एका शब्दात आहे: वजन. एवढी साधी गोष्ट गाडीत आणायला मोटारसायकलच्या इतिहासात जवळजवळ पन्नास वर्षे गेली, आणि मधल्या काळात दोन महायुद्धे झाली. आज तीच गोष्ट सांगतो. शेवटी आपल्या गाडीचे मागचे शॉकअप आपल्या वजनाला कसे बसवायचे तेही सांगतो.

मागचे चाक घट्ट होते तेव्हा

जुन्या मोटारसायकलला मागे शॉकअप नव्हतेच. सायकलला जशी मागची फ्रेम सरळ अ‍ॅक्सलपर्यंत येते, तशीच मोटारसायकलची यायची. पुढच्या फोर्कला स्प्रिंग असायची, मागे काही नाही. स्वार आणि रस्ता यांच्यामध्ये दोनच गोष्टी: टायरमधली हवा आणि सीटखालच्या दोन गुंडाळी स्प्रिंगा. जुन्या बुलेटच्या एकाट सीटखाली त्या स्प्रिंगा तुम्ही पाहिल्या असतील.

स्प्रिंगचे शास्त्र माहीत नव्हते असे नाही. स्प्रिंगवर जेवढा भार तेवढीच ती दबते, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्येच छापला होता. मागे स्प्रिंग लावण्याचे प्रयत्नही लवकर झाले. अमेरिकेतल्या 'इंडियन' कंपनीने (नावापुरतीच इंडियन, आपल्या देशाशी संबंध नाही) १९१३ मध्ये मागचे चाक हलत्या चिमट्यावर बसवून वर कमानपट्टे लावले होते. पण बहुतेक कारखानदारांचा कल घट्ट फ्रेमकडेच राहिला. ती स्वस्त होती, मजबूत होती, तिला बुश नव्हते की झिजणारा सांधा नव्हता. हलणारा चिमटा सैल झाला की गाडी वळणावर डुलते, ही भीतीही खोटी नव्हती.

सैन्यांना तर अशीच गाडी हवी होती. पहिल्या महायुद्धातली ट्रायम्फची 'मॉडेल एच' मागून घट्ट. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि भारतीय सैन्याने वापरलेली बीएसए एम २० मागून घट्ट. ही गाडी सव्वा लाखाच्या वर बनली. नॉर्टन १६ एच तशीच. मॅचलेस जी ३ एल हिला पुढे तेलाचा टेलिस्कोपिक फोर्क मिळाला, म्हणून स्वार तिच्यावर खूश असत, पण मागे तीही घट्टच. अमेरिकेची हार्ले डब्ल्यूएलए मागून घट्ट, आणि समोरच्या बाजूला जर्मनांची साइडकारवाली बीएमडब्ल्यू आर ७५ तीही घट्ट.

या गाड्यांवर बसणारा माणूस म्हणजे डिस्पॅच रायडर, आपला डीआर. वायरलेस बंद ठेवायचा हुकूम असेल, टेलिफोनची तार तोफगोळ्याने तुटली असेल, तेव्हा कागद घेऊन डीआरच निघायचा. आफ्रिकेचे वाळवंट, इटलीचे डोंगर, ब्रह्मदेशातला चिखल, सगळीकडे. आपल्या भारतीय डिव्हिजन इटलीत लढल्या. तिथे मराठा पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये सेनिओ नदीवरच्या लढाईबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव हे कंपनी रनर होते, म्हणजे पायी निरोप नेणारा जवान. ज्या कामाला जाधव पायांनी धावायचे, तेच काम मागच्या रस्त्यांवर डीआर दोन चाकांवर करायचा.

घट्ट फ्रेमवर दिवसभर गाडी मारली की दणका सरळ माकडहाडातून पाठीत आणि तिथून पोटात जातो. म्हणून त्या काळचे स्वार कमरेला रुंद चामडी पट्टा आवळून बांधायचे. खड्डा दिसला की फूटरेस्टवर उभे राहायचे आणि गुडघ्यांना शॉकअप करायचे. आजही खराब रस्त्यावर आम्ही नव्या पोरांना तेच शिकवतो. म्हणजे गाडीतली कमतरता स्वाराने अंगावर घ्यायची, अशी ती व्यवस्था होती.

शर्यतीने शिकवले

मन बदलले ते शर्यतीमुळे. इटलीत कार्लो गुझ्झी यांचे भाऊ ज्युसेप्पे यांनी मागे स्प्रिंग असलेली फ्रेम बनवली आणि ती टिकते हे दाखवायला १९२८ मध्ये स्वतः ती गाडी घेऊन नॉर्वेत आर्क्टिक वर्तुळापलीकडे जाऊन आले. त्याच साली इंग्लंडमध्ये फिलिप व्हिन्सेंट या तरुणाने आपल्या गाडीला त्रिकोणी चिमटा आणि सीटखाली स्प्रिंगा अशी रचना केली. लोक बघायचे, मान हलवायचे आणि घट्ट फ्रेमची गाडी विकत घ्यायचे.

मग १९३५ ची आइल ऑफ मॅन टीटी झाली. डोंगरातला सदतीस मैलांचा एक फेरा, तोही नेहमीच्या सार्वजनिक रस्त्यांवर. सीनियर शर्यतीत स्टॅनली वुड्सने मागे स्प्रिंग असलेल्या मोटो गुझ्झीवर नॉर्टनच्या जिमी गथ्रीला फक्त ४ सेकंदांनी हरवले. हलक्या गाड्यांची शर्यतही त्यानेच जिंकली. दुसऱ्याच वर्षी नॉर्टनच्या शर्यतीच्या गाड्यांना मागे स्प्रिंगा दिसू लागल्या. मागचे चाक हवेत उडत राहिले तर इंजिनाची ताकद जमिनीला मिळत नाही, हे सगळ्यांना पटले. आराम ही नंतरची गोष्ट. आधी चाक जमिनीवर राहिले पाहिजे.

१९३६ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेलोसेट कंपनीने शर्यतीच्या गाडीला चिमटा आणि त्यावर डाउटी या विमानाचे भाग बनवणाऱ्या कंपनीचे हवेचे शॉकअप लावले. स्टीलच्या स्प्रिंगऐवजी आत दाबलेली हवा आणि तेल. पंपाने हवा कमी-जास्त करायची. इथे पहिल्यांदा एक वेगळी गोष्ट स्पष्ट झाली: शॉकअप नुसता असून भागत नाही, तो बसणाऱ्याच्या वजनाला जुळवता आला पाहिजे.

पण युद्ध आले आणि सैन्याला लाखोंच्या संख्येने गाड्या हव्या झाल्या. कारखान्यांनी जी गाडी पटकन बनते तीच बनवली. जी युक्ती १९३५ मध्ये शर्यत जिंकून देत होती, ती १९४५ पर्यंत डीआरच्या वाट्याला आली नाही.

बुलेटचा चिमटा

युद्ध संपल्यावर आपल्या ओळखीची गाडी चित्रात येते. रॉयल एनफिल्डने १९४८ च्या सुरुवातीला ट्रायल्स स्पर्धेत ३५० सीसीची नवी बुलेट उतरवली. तिच्या मागे चिमटा होता आणि दोन्ही बाजूंना तेलाचे शॉकअप. त्या काळच्या ट्रायल्स स्वारांचे ठाम मत होते की चिखलात आणि दगडात घट्ट फ्रेमच पकड देते. त्याच वर्षी इटलीतल्या सान रेमो इथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ब्रिटनच्या विजयी संघात दोन बुलेट होत्या आणि दोन्ही स्वारांना सुवर्णपदक मिळाले. १९४९ पासून ही गाडी बाजारात आली. सर्वसामान्य माणसाला विकत मिळणाऱ्या गाड्यांत चिमटा आणि तेलाचे शॉकअप देणाऱ्या पहिल्या काही गाड्यांपैकी ही एक.

आपल्या सैन्याने आणि पोलिसांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बुलेट निवडली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली आणि तिरुवोत्तियूरला गाडी बनू लागली. पुढे १९७० मध्ये इंग्लंडमधला कारखाना बंद पडला, इथला चालू राहिला. या इतिहासात इंजिनाच्या 'डुगडुग' आवाजाबद्दल सगळे बोलतात. मी मेकॅनिक म्हणून सांगतो, डोंगरातल्या डीआरला त्या आवाजापेक्षा मागच्या चिमट्याने जास्त दिले. आधीच्या पिढीचे स्वार एम २० वर कमरेचा पट्टा बांधून फिरले. त्यांच्या मागून आलेले बुलेटवर बसले.

दोन वेगळ्या युक्त्या

शॉकअप आले, पण वजनाचा प्रश्न तिथेच होता. ६० किलोच्या माणसाला बरोबर बसलेली स्प्रिंग ९० किलोच्या माणसाला मऊ पडणार, आणि मागे दुसरा बसला की आणखी मऊ. यावर दोन उत्तरे निघाली.

पहिले उत्तर वेलोसेटचे. त्यांच्या १९५३ च्या मॅक मॉडेलपासून पुढच्या गाड्यांवर सीटच्या दोन्ही बाजूंना फ्रेममध्ये कमानीसारखी खाच होती. शॉकअपचे वरचे टोक त्या खाचेत पुढेमागे सरकवून नट आवळायचा. शॉकअप उभा केला की चिमट्यावर त्याची पकड वाढते, म्हणजे गाडी कडक. तिरका केला की मऊ. एकटा असाल तर एका टोकाला, डबलसीट असाल तर दुसऱ्या टोकाला. यात स्प्रिंग तीच राहते, पण चाकाला जाणवणारा कडकपणा खरोखर बदलतो.

दुसरे उत्तर स्वस्त आणि सोपे होते, म्हणून तेच जगभर पसरले. गर्लिंगसारख्या शॉकअप बनवणाऱ्या कंपन्यांनी १९५० च्या दशकात स्प्रिंगच्या खाली पायऱ्यापायऱ्यांची एक फिरती रिंग दिली. सी आकाराच्या पान्याने रिंग फिरवली की स्प्रिंगचे बूड वर चढते आणि स्प्रिंग आधीच थोडी दबून बसते. याला प्रीलोड म्हणतात. पूर्वी तीन पायऱ्या असत, आता बहुतेक पाच. तुमच्या-माझ्या गाडीवर आहे ती हीच रिंग. पुढे १९७३ मध्ये यामाहाने मोटोक्रॉसमध्ये एकच मोठा शॉकअप आणला, आज बऱ्याच गाड्यांना तोच असतो. पण प्रीलोडचे तत्त्व तेच राहिले.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो वर्कशॉपमध्येही पक्का बसलेला आहे. रिंग वर चढवली की "स्प्रिंग कडक झाली" असे सगळे म्हणतात. स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या संख्येवर आणि वेढ्याच्या व्यासावर ठरतो. रिंगने फक्त गाडी किती उंचीवर उभी राहणार ते बदलते.

हिशेब मांडून बघू

समजा मागच्या चाकाला वरखाली हलायला एकूण ८० मि.मी. जागा आहे. समजा दोन्ही स्प्रिंगा मिळून चाकाशी ३ किलोला १ मि.मी. दबतात, आणि कारखान्यातून १५ मि.मी. प्रीलोड दिलेला आहे. म्हणजे पहिल्या ४५ किलोपर्यंत स्प्रिंग हलणारच नाही. हे आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून घेतले आहेत, पण प्रमाण खऱ्या गाडीच्या जवळचे आहे.

गाडीचे मागच्या शॉकअपवर येणारे वजन ७५ किलो धरा. त्याने स्प्रिंग २५ मि.मी. दबायला हवी, त्यातले १५ आधीच दाबलेले, म्हणून गाडी स्वतःच्या वजनाने १० मि.मी. खाली बसते.

आता ७५ किलोचा स्वार बसला. त्याचे साधारण दोन तृतीयांश वजन मागे येते, म्हणजे ५० किलो. गाडी आणखी १७ मि.मी. बसली. एकूण २७. म्हणजे ८० पैकी एक तृतीयांश जागा वापरली गेली. हे योग्य आहे. खड्डा आला तर चाकाला खाली उतरायला २७ मि.मी. आहेत, उंचवटा आला तर वर यायला ५३ मि.मी.

आता ८५ किलोचा जवान घ्या. अंगावर बुलेटप्रूफ जॅकेट, हेल्मेट, रायफल, मॅगझिन, पाण्याची बाटली, असे आणखी २० किलो. एकूण १०५. मागे ७० किलो आले, गाडी एकूण ३३ मि.मी. बसली. त्याच्या मागे दुसरा जवान बसला. त्याचे वजन जवळजवळ सगळे मागच्या चाकावरच येते. त्याचे ६६ किलो धरले तर आणखी २२ मि.मी. एकूण ५५. उंचवट्यासाठी उरले फक्त २५. एखादा बरा दगड लागला की शॉकअप तळाला लागून "ठक्" आवाज येतो. हीच ती "पीछे से बैठ जाती है" वाली तक्रार.

आता रिंग इतकी चढवा की गाडी १० मि.मी. उचलली जाईल. बसणे ५५ वरून ४५ वर आले, उरलेली जागा २५ वरून ३५ झाली. गाडी सुधारली.

पण संध्याकाळी तीच गाडी ५५ किलोच्या जवानाने घेतली आणि रिंग तशीच राहिली, तर? आता प्रीलोड २५ मि.मी., म्हणजे ७५ किलोपर्यंत स्प्रिंग हलतच नाही. गाडी स्वतःच्या वजनाने अजिबात बसत नाही. हा जवान बसल्यावर जेमतेम १२ मि.मी. बसते. खड्ड्यात चाकाला खाली उतरायला फक्त १२ मि.मी. त्यामुळे नालीदार रस्त्यावर चाक जमीन सोडते आणि प्रत्येक वेळी वरचा दणका पाठीला लागतो. "पीछे से बहुत मारती है."

दोन्ही जवान खरे बोलत होते, ते असे.

फक्त आरामाचा प्रश्न नाही

मागून जास्त बसलेली गाडी पुढून हलकी होते. हेडलाइट वर जातो, रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत मारतो. वळणावर हँडल उशिरा ऐकते आणि गाडी बाहेरच्या बाजूला ओढते. सपाटीवर हे चालून जाते. इथे खार्दुंग ला किंवा चांग लाच्या हेअरपिन वळणांवर बाहेरच्या बाजूला बहुधा कठडा नसतो, आणि समोरून येणाऱ्या लॉरीला आपली बाजू सोडता येत नाही. अशा वळणावर गाडी दोन फूट बाहेर गेली तर ते दोन फूट कुठून आणायचे?

दुसरी गोष्ट पाठीची. फौजेत कमरेचा मणका सरकला की मेडिकल कॅटेगरी खाली जाते, आणि लो मेडिकल कॅटेगरी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. कोर्स राहतो, प्रमोशनवर परिणाम होतो, पोस्टिंग बदलते. चांगले चांगले स्वार मी कमरेला पट्टा बांधून स्टोअरच्या खुर्चीत बसलेले पाहिले आहेत. प्रत्येकाची कंबर शॉकअपमुळेच गेली असे मी म्हणणार नाही. उंची, थंडी, लॉरीतला प्रवास, सगळेच असते. पण रोजच्या दणक्यांतला जो भाग पाच मिनिटांत आणि एका पान्याने कमी होतो, तो का सोसायचा?

फौजेत वस्तू एका मापात मिळते. माणसे तशी नसतात. एकाच युनिटमध्ये हरियाणाचा सहा फुटी जाट असतो आणि नागालँडचा पन्नास-पंचावन्न किलोचा चपळ पोरगाही असतो. गाडी दोघांना तीच. म्हणून आमच्या वर्कशॉपला येणाऱ्या गाड्यांसाठी मी एक साधी पद्धत ठेवली आहे. गाडीवर नेहमी बसणाऱ्या प्रत्येकाला एकदा बसवून माप घ्यायचे आणि त्याची पायरी कागदावर लिहून टूल किटमध्ये ठेवायची: अमुक एकटा, दुसरी, अमुक सामानासह, चौथी, डबलसीट, पाचवी. सी-पानाही त्याच किटमध्ये, गायब होऊ नये म्हणून दोरीने बांधलेला. गाडी घेताना हवा, तेल, ब्रेक बघतो तशी पायरी बघायची. पहिल्यांदा पोरे हसली. आता नवीन आलेल्याला जुनाच सांगतो, "पहले वजन बता."

वजनाचा विषय निघाला की एक विक्रम आठवतोच. १९ नोव्हेंबर २०१७ रोजी बेंगळुरूजवळ येलहंका हवाई तळावर आर्मी सर्व्हिस कोअरच्या 'टॉर्नेडोज' पथकाने ५०० सीसीच्या एकाच मोटारसायकलवर ५८ जवान बसवून १,२०० मीटर अंतर कापले. सरासरी ६० किलो धरले तरी साडेतीन टनांच्या आसपास भार होतो. त्यासाठी गाडीत खास बदल होते आणि त्यामागे सराव होता. आपल्या सिग्नल्सचे 'डेअर डेव्हिल्स' पथक तर १९३५ पासूनचे आहे. ती कसरत बघताना टाळ्या वाजवाव्यात. पण ड्युटीवरच्या गाडीकडून आपल्याला चमत्कार नको आहे, तिने रोज आपल्या माणसाला सुखरूप परत आणावे एवढेच हवे आहे.

माप कसे घ्यायचे

आता कामाची गोष्ट. लागेल फक्त टेप, एक सी-पाना आणि दोन मदतनीस.

पहिले, गाडी डबल स्टँडवर लावा, मागचे चाक जमिनीपासून सुटले पाहिजे. अ‍ॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डवर किंवा सीटच्या फ्रेमवर एक खूण करा. हे अंतर मोजा. समजा ५२० मि.मी. आले.

दुसरे, गाडी स्टँडवरून उतरवा, एकाने सरळ धरा, मागून दोनदा दाबून सोडा आणि त्याच खुणेपर्यंत मोजा. समजा ५१० आले. गाडी स्वतःच्या वजनाने १० मि.मी. बसली.

तिसरे, नेहमीच्या पोशाखात आणि सामानासह स्वार बसवा. पाय फूटरेस्टवर, एकाने पुढून धरायचे. पुन्हा मोजा. समजा ४८७ आले. ५२० वजा ४८७ म्हणजे ३३ मि.मी.

रस्त्याच्या गाडीला एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश एवढे बसणे ठीक. ८० मि.मी. हालचालीला २० ते २७. इथे ३३ आहे, म्हणून रिंग एक पायरी चढवा आणि पुन्हा मोजा. कमी आले तर उतरवा. दोन्ही बाजूंची रिंग नेहमी एकाच पायरीवर पाहिजे; एक तिसरीवर आणि एक पाचवीवर असेल तर चिमट्यावर पीळ येतो.

शेवटच्या पायरीवरही बसणे जास्तच असेल, किंवा स्वार बसल्यावर माप बरोबर पण नुसती गाडी जराही बसत नसेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. तिथे रिंगचे काम संपले, जाड तारेची स्प्रिंग लागेल. उलट, स्वार बसल्यावर माप बरोबर आणि नुसती गाडीच खूप बसत असेल, तर स्प्रिंग तुम्हाला कडक आहे.

शॉकअपच्या दांड्यावर तेल दिसले तर माप घेत बसू नका. तेल गेलेला शॉकअप उसळत राहतो, त्याला प्रीलोडने काही होत नाही. थंडीत सकाळी गाडी जास्त कडक लागते ती आतले तेल घट्ट झाल्यामुळे. पहिले काही किलोमीटर हळू चला, रिंगला हात लावू नका. आणि हे सगळे करण्याआधी टायरची हवा तपासा.

माजी सैनिक मंडळींना एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांनी निवृत्तीनंतर सीएसडीमधून बुलेट घेतली आहे. भरतीच्या वेळी आपण ५५ किलो होतो, आता पेन्शनबरोबर वजनही वाढले आहे, आणि मागच्या सीटवर वहिनीसाहेब असतात, हातात बाजाराची पिशवी असते. गाडी मात्र शोरूममधून निघताना होती त्याच पायरीवर आहे. साताऱ्याचा घाट असो की कोल्हापूरचा हायवे, रात्री समोरचा सारखा डिपर देत असेल तर त्याला शिव्या देण्याआधी आपली गाडी मागून किती बसली आहे ते बघा. या रविवारी टेप घ्या आणि मोजा. पान्याला जोर लागतो, म्हणून नातवाला हाक मारा. त्यालाही हूकचा नियम एकदा हाताने कळेल.

जय हिंद.